कॉन्सल नेमका कुणाचा माणूस? झांजिबारची गोष्ट

अमेरिकेच्या व्हिसासाठी बीकेसीला रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, "इथं अमेरिकेचा राजदूत बसतो का?" बरेच जण हो म्हणतील. पण राजदूत दिल्लीत असतो. मुंबईत असतो तो कॉन्सल जनरल. मराठीत आपण त्याला वाणिज्यदूत म्हणतो. दोन्ही शब्दांत 'दूत' असल्यामुळे वाटतं की एक मोठा दूत आणि दुसरा धाकटा. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे.

राजदूत हा एका सत्तेने दुसऱ्या सत्तेकडे पाठवलेला माणूस. पेशवाईतला शब्द वापरायचा तर वकील. तो दरबारात जातो, राजाशी किंवा सरकारशी बोलतो. कॉन्सलचा जन्म मात्र बंदरातला. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या काठाने व्हेनिस, जिनोआ, बार्सिलोना इथले व्यापारी परक्या गावांत वखारी टाकून बसायचे. आपसातले तंटे सोडवायला, कुणी मेला तर त्याचा माल ताब्यात घेऊन वारसांपर्यंत पोचवायला, स्थानिक अधिकाऱ्यांशी जकातीवरून बोलायला एक मुखत्यार लागायचा. तो कॉन्सल. (प्राचीन रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात आणि राज्याचं सर्वोच्च पद त्यांच्याकडे असे. नाव तिथूनच आलं, काम मात्र पार बदललं.) थोडक्यात, राजदूत राजासाठी, तर कॉन्सल परमुलखातल्या आपल्या माणसांसाठी.

माझ्या संशोधनाचा सगळा गुंता या 'आपल्या माणसांसाठी' या दोन शब्दांत आहे. आपली माणसं म्हणजे कोण? ते ठरवणार कोण? आणि ती माणसं नाही म्हणाली तर? एकोणिसाव्या शतकातल्या झांजिबारमध्ये या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता एका बेटाचं राज्य गेलं, आणि हजारो माणसांची गुलामगिरीही गेली. दोन्ही गोष्टी एकाच कचेरीतून झाल्या.

झांजिबार आणि मुंबई

"झांजिबारच्या इतिहासाचे कागद मुंबईत कसे?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं राज्य अभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याचे दप्तर तिथे आहेत. पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार तिथे असणारच. पण मस्कत, एडन, इराणचं आखात आणि झांजिबार हेही मुंबईच्याच अखत्यारीत यायचे. मुंबई ही त्या काळी पश्चिम हिंदी महासागराची एक राजधानीच होती.

समुद्राच्या त्या टोकाला होता सय्यद सईद बिन सुलतान, ओमानचा शासक. पूर्व आफ्रिकेचा किनाराही त्याच्याकडे होता. लवंगा, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापारात मस्कतपेक्षा जास्त पैसा आहे हे ओळखून त्याने १८४०च्या सुमारास आपला मुक्काम झांजिबारलाच हलवला. जकातवसुलीचा मक्ता होता कच्छमधल्या भाटिया व्यापाऱ्यांच्या जयराम शिवजी पेढीकडे. सुलतानाला उसनवारीही ही पेढीच द्यायची. कच्छी भाटिया, खोजे, बोहरे असे हजारो हिंदी लोक या किनाऱ्यावर होते. मुंबईहून कापड आणि भांडवल जायचं, तिकडून हस्तिदंत आणि लवंग यायची.

पहिला कॉन्सल आला तो मात्र ब्रिटिश नव्हता. १८३३ साली अमेरिकेने सईदशी करार केला. मालावर ५ टक्के जकात, अमेरिकन माणसांच्या आपसातल्या तंट्यांत निवाडा अमेरिकन कॉन्सलचा, आणि कुणी मेला तर त्याची मालमत्ता कॉन्सलच्या ताब्यात. म्हणजे अगदी जुन्या भूमध्य धर्तीचा कॉन्सल. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा रिचर्ड वॉटर्स या पदावर आला. गंमत म्हणजे तो स्वतःच व्यापारी होता. त्या काळी अशा कॉन्सलांना सरकारकडून पुरेसा पगार नसे, धंदा करून पोट भरावं अशीच अपेक्षा होती. वॉटर्सने जकातीचा मक्तेदार जयराम शिवजी याच्याशी संधान बांधलं आणि इतर अमेरिकन व्यापारी तक्रारी करू लागले. ज्याने सगळ्यांचं हित पाहायचं तोच बाजारातला प्रतिस्पर्धी! पण वॉटर्सला झांजिबारवर राज्य करायचं नव्हतं, त्याला माल विकायचा होता. हा फरक लक्षात ठेवा.

एक माणूस, दोन पगड्या

ब्रिटिशांचा सईदशी व्यापारी करार १८३९चा. १८४१ मध्ये ॲटकिन्स हॅमर्टन झांजिबारला येऊन बसला. हा मुंबईच्या लष्करातला कॅप्टन. कंपनीचा एजंट म्हणून तो मुंबई सरकारला उत्तरदायी होता आणि राणीचा कॉन्सल म्हणून लंडनच्या परराष्ट्र खात्याला. एकाच डोक्यावर दोन पगड्या.

खरं तर ब्रिटिश व्यापार तिथे फारसा नव्हताच. मग कॉन्सल कशाला? कारणं तीन. फ्रेंच त्या भागात हातपाय पसरत होते, गुलामांचा व्यापार थांबवायचा होता, आणि तिथे मोठ्या संख्येने हिंदी माणसं होती. म्हणजे हा कॉन्सल व्यापाऱ्यांच्या मागणीतून नाही, तर राजकारणाच्या गरजेतून आला.

हे जोडपद मला फार महत्त्वाचं वाटतं. एजंट म्हटलं की आपल्याकडचा रेसिडेंट आठवा. पुण्यात संगमावर बंगला बांधून बसलेला, आधी नुसता बातम्या कळवणारा, मग सल्ला देणारा, आणि शेवटी पेशव्याच्या मसलतींमध्ये हात घालणारा. हिंदुस्थानात ही पद्धत कंपनीने घोटून पक्की केली होती. झांजिबारला जी माणसं गेली ती याच तालमीतली. पाटी कॉन्सलची, सवयी रेसिडेंटच्या. सलामीला जाताना ती कोणती पगडी घालतील हे त्या दिवशीच्या कामावर ठरायचं.

हॅमर्टनने १८४५ मध्ये सईदकडून करार करून घेतला. त्यानुसार आफ्रिकेतून अरबस्तानाकडे गुलाम पाठवायला बंदी आली. कागदावर बंदी आली, समुद्रावर व्यापार चालूच राहिला. १८५६ मध्ये सईद वारला, १८५७ मध्ये हॅमर्टन. सईदच्या मागे मुलांमध्ये भांडण लागलं: ओमानमध्ये थुवैनी, झांजिबारमध्ये माजिद, आणि त्याच्या मागे टपलेला धाकटा भाऊ बरगश.

रिग्बी आणि 'आपली माणसं'

१८५८ मध्ये आला ख्रिस्तोफर रिग्बी. हाही मुंबईच्या लष्करातला, भाषांचा जाणकार. १८५९ मध्ये बरगशने बंड केलं तेव्हा माजिदच्या मदतीला ब्रिटिश नौदलाचे लोक उतरले, बंड मोडलं आणि बरगशला हद्दपार करून पाठवलं ते थेट मुंबईला. दोन वर्षं तो इथे होता. मग १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा दिला: ओमान आणि झांजिबार वेगळे, आणि झांजिबारने ओमानला दरवर्षी ४० हजार क्राउन द्यायचे. व्यापाऱ्यांच्या मुखत्यारासाठी निर्माण झालेल्या खुर्चीतून आता गादीचा वारसा ठरवायला हातभार लागत होता.

पण रिग्बीचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. झांजिबारचे अनेक हिंदी लोक गुलाम बाळगून होते. घरकामाला, लवंगेच्या वाड्यांवर, कर्जाच्या तारणात आलेले. हिंदुस्थानात कंपनीच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३च्या कायद्याने संपली होती. रिग्बीचा युक्तिवाद साधा होता: हे लोक ब्रिटिश प्रजा आहेत, म्हणून त्यांना गुलाम ठेवता येणार नाहीत. १८६०पासून त्याने हिंदी मालकांच्या ताब्यातले हजारो गुलाम मुक्त करायला लावले, त्यांना मुक्ततेचे दाखले दिले, आणि ऐकलं नाही त्यांना शिक्षा केली.

आता अडचण बघा. यातले बहुतेक जण कच्छचे. कच्छ हे संस्थान. तिथला राव ब्रिटिशांचा मांडलिक, पण त्याची रयत म्हणजे ब्रिटिश प्रजा का? व्यापाऱ्यांचं म्हणणं, आम्ही इथे राहतो, सुलतानाच्या आश्रयाने धंदा करतो, आम्ही त्याची माणसं. माजिदचंही तेच म्हणणं, कारण त्याचा जकातीचा मक्तेदारच कच्छी होता! तोच जर कॉन्सलच्या कक्षेत गेला तर सुलतानाचा खजिनाही तिकडेच गेल्यासारखा.

बरं, व्यापारी तरी एका बाजूला ठाम होते का? नाही. एखाद्या अरब जमीनदाराने कर्ज बुडवलं की त्यांना कॉन्सल हवा असायचा. गुलामांची चौकशी निघाली की त्यांना सुलतान हवा असायचा. आज आपण याला संधिसाधूपणा म्हणू. मला तो बंदरातल्या माणसाचा व्यवहार वाटतो. दोन दारं असताना ज्या दाराने काम होईल त्या दाराने जायचं. प्रजा असणं ही त्यांच्यासाठी ओळख नव्हती, तो उपयोगी पडणारा कागद होता.

रिग्बीनंतर आलेला लुईस पेली याने माघार घेतली. संस्थानी रयतेला सुलतानाच्या छत्राखाली राहू द्यायला तो तयार झाला, आणि गुलाम बाळगणाऱ्यांना पुन्हा फट मिळाली. हा मला मिळालेला सर्वांत बोलका पुरावा आहे. कायदा तोच, माणसं तीच, बेट तेच, फक्त कॉन्सल बदलला आणि हजारो लोकांचं राष्ट्रीयत्व बदललं.

ही फट अखेर बुजवली ती कच्छकडूनच. १८६९ मध्ये कच्छच्या रावाने जाहीर केलं की झांजिबारमधल्या आपल्या रयतेवर ब्रिटिश अधिकाऱ्यांची हुकमत चालेल. दरम्यान, १८६६च्या राजाज्ञेने कॉन्सलच्या कोर्टाला रीतसर चौकट मिळाली होती. त्या कोर्टावरचं अपील कुठे? मुंबई हायकोर्टात. झांजिबारच्या गल्लीतला दावा फोर्टमध्ये येऊन संपायचा. राज्य सुलतानाचं, पण त्याच्या बाजारातली सर्वांत श्रीमंत माणसं त्याच्या काझीच्या नव्हे, तर मुंबईच्या न्यायाधीशांच्या कक्षेत. सुलतानाच्या हातातलं राज्य असं माणसामाणसाने निसटत गेलं. त्याची जमीन तसूभरही गेली नव्हती.

५ जून १८७३

१८७० मध्ये माजिद वारला आणि गादीवर आला तोच बरगश, मुंबईला हद्दपार झालेला. १८७२च्या वादळाने झांजिबार बेटावरची लवंगेची झाडं उन्मळून पडली. त्याच वेळी लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आवाज चढला होता. बोलणी करायला पाठवलं बार्टल फ्रियरला. हा मुंबईचा माजी गव्हर्नर, ज्याच्या काळात फोर्टचा कोट पाडला गेला तोच. १८७३च्या सुरुवातीला फ्रियर आला, बरगश बधला नाही, फ्रियर हात हलवत परत गेला.

जे खास दूताला जमलं नाही ते कॉन्सलने केलं. जॉन किर्क मूळचा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, लिव्हिंगस्टनच्या झांबेझी मोहिमेतला. १८६६ मध्ये तो एजन्सीचा डॉक्टर म्हणून झांजिबारला आला आणि चढत चढत कॉन्सल झाला. त्याला बेटावरचा प्रत्येक माणूस, प्रत्येक कर्ज, प्रत्येक भांडण माहीत. लंडनहून नाकेबंदीच्या धमकीचा हुकूम आला. किर्कने तो बरगशपुढे ठेवला, आणि ५ जून १८७३ला सही झाली. समुद्रमार्गे गुलामांची ने-आण बंद, गुलामांचे जाहीर बाजार बंद. बाजाराच्या जागेवर पुढे अँग्लिकन चर्च उभं राहिलं. आजही आहे.

दूत येतो, बोलतो, जातो. कॉन्सल तिथेच राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या कॉन्सलची सत्ता यातच होती. तो कोर्ट चालवतो, दाखले देतो, मेलेल्यांच्या पेट्या उघडून यादी करतो, जहाजांची नोंद ठेवतो. ही रोजची कारकुनी दहा-वीस वर्षं साचली की तिचं वजन तहापेक्षा जास्त होतं.

किर्कची कोंडी

पुढची बारा वर्षं किर्क सुलतानाचा जवळजवळ दिवाणच होता. बरगशने त्याच्यावर विसंबायचं ठरवलं: गुलामांच्या बाबतीत तुझं ऐकतो, बदल्यात माझं राज्य सांभाळ. तोंडी ठराव असावा असा हा व्यवहार.

१८८४ मध्ये कार्ल पीटर्स नावाचा जर्मन मुख्य भूमीवरच्या सरदारांकडून सह्या घेत फिरला, आणि पुढच्याच वर्षी बिस्मार्कच्या सरकारने तो मुलूख आपला म्हणून जाहीर केला. बरगशने हरकत घेतली. ऑगस्ट १८८५ मध्ये जर्मन युद्धनौका झांजिबारसमोर येऊन ठाकल्या. बरगशने किर्ककडे पाहिलं. पण लंडनला तेव्हा बिस्मार्कची मर्जी हवी होती. किर्कला हुकूम आला की सुलतानाला नमतं घ्यायला सांग. ज्याने राज्य राखायचा भरवसा दिला होता, त्यालाच राज्य सोडायचा सल्ला द्यावा लागला. १८८६च्या इंग्रज-जर्मन करारात मुख्य भूमीवर सुलतानाकडे उरली ती किनाऱ्यालगतची दहा मैलांची पट्टी.

इथे मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं. कॉन्सल कुणाचा माणूस? वीस वर्षं शेजारी राहिला, आजारपणात औषध दिलं, तरी शेवटी तो पाठवणाऱ्याचाच. १८९० मध्ये झांजिबार ब्रिटिश संरक्षित राज्य झालं.

दोन कॉन्सल, एक सकाळ

शेवटचा प्रसंग २५ ऑगस्ट १८९६चा. सुलतान हमद अचानक वारला आणि बरगशचा मुलगा खालिद राजवाड्यात शिरून गादीवर बसला. ब्रिटिश कॉन्सल बेसिल केव्ह याने त्याला मान्यता नाकारली. २७ तारखेला सकाळी ९ची मुदत दिली. ती संपताच नौदलाने राजवाड्यावर तोफा डागल्या. चाळीसएक मिनिटांत सगळं आटोपलं. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून प्रश्नमंजूषेत ते विचारतात. खालिदच्या बाजूचे सुमारे ५०० लोक मेले किंवा जखमी झाले, हे सहसा विचारत नाहीत.

खालिद पळाला, तो थेट जर्मन कॉन्सुलेटमध्ये. ब्रिटिश बाहेर पहारा देत बसले, कारण आत शिरता येत नव्हतं. २ ऑक्टोबरला मोठी भरती आली. कॉन्सुलेट समुद्राला लागूनच होतं. पाणी अंगणापर्यंत चढलं तेव्हा जर्मन नौदलाची होडी तिथेच लागली, खालिद तीत बसला आणि झांजिबारच्या जमिनीवर पाय न टेकवता दार-ए-सलामला निघून गेला. एका कॉन्सलने राजा हटवला, दुसऱ्याने तो वाचवला. ज्याचं हे बेट, तो सुलतान दोन्ही वेळा निर्णयात कुठेच नव्हता.

मग याचं काय करायचं?

गाईडसमोर मी पहिला मसुदा ठेवला तेव्हा त्यात कॉन्सल सरळसरळ खलनायक होता. साम्राज्याचा हस्तक, 'प्रजा' या शब्दाचं हत्यार करणारा. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "रिग्बीने दाखला दिलेल्या बाईला तू हे सांगशील का?"

तो प्रश्न अजून माझ्या टेबलावर आहे. ज्या अधिकाराने सुलतानाचं राज्य पोखरलं, त्याच अधिकाराने कुणाच्या तरी घरात राबणारी बाई एक दिवस दाखला घेऊन बाहेर पडली. पेलीने सुलतानाच्या सार्वभौमत्वाचा मान राखला, असं आज आपण म्हणू शकतो. पण त्याची किंमत कुणी दिली? आणि उलटही खरं आहे: फक्त हिंदी मालकांचे गुलाम मोकळे करणाऱ्या कॉन्सलला अरब मालकांचे गुलाम दिसत नव्हते असं नाही, ते त्याच्या कक्षेत नव्हते. झांजिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपायला १८९७ उजाडलं. मुक्तता माणुसकीवर नाही, कक्षेवर ठरली. हे दोन्ही एकत्र लिहायचं कसं, हे माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं काम आहे.

आजच्या कॉन्सलच्या कामाचे नियम १९६३च्या व्हिएन्ना करारात आहेत. त्याचं ३६वं कलम मराठी घरांमध्ये कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे पोचलं. परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या देशाच्या कॉन्सलला भेटायचा हक्क आहे, आणि पाकिस्तानने तो नाकारला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ला दिला. त्याच करारातलं ५५वं कलम मात्र कुणाला फारसं माहीत नसतं. त्यात म्हटलंय की कॉन्सलने यजमान देशाचे कायदे पाळावेत आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते नेहमीचं औपचारिक वाक्य वाटलं होतं. झांजिबारचे कागद वाचल्यावर तसं वाटत नाही. ३६वं कलम सांगतं की कॉन्सल का लागतो. ५५वं सांगतं की तो कुठे थांबला पाहिजे. हॅमर्टनपासून केव्हपर्यंतची पंचावन्न वर्षं या दोन कलमांच्या मधल्या जागेत बसतात.

पुढच्या वेळी कॉन्सुलेटच्या रांगेत उभे राहाल तेव्हा काचेपलीकडच्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. शिक्के मारणं, दाखले देणं, याद्या करणं, दिसायला तेवढंच काम आहे. झांजिबारमध्येही तेवढंच होतं.